डिस्चार्जनंतर पेशंट कुठं जातो?

आत्याच्या डिस्चार्ज कार्डावरची शेवटची ओळ होती, 'प्रकृती समाधानकारक'. तेविसाव्या दिवशी ती पुन्हा अ‍ॅडमिट झाली, पण दुसऱ्याच हॉस्पिटलात. त्यामुळे पहिल्या ठिकाणच्या रेकॉर्डमध्ये ती अजूनही समाधानकारकच आहे.

आत्या सोलापुरात राहते. तीन वर्षांपूर्वी मोरीत पाय घसरला आणि उजव्या खांद्यातला हाडाचा गोळा फुटला. इथंच ऑपरेशन होऊन अर्धा सांधा बदलला. हात काही खांद्याच्या वर गेला नाही, आणि रात्री दुखण्यानं झोप येईना. मग पुण्यात दुसरं ऑपरेशन झालं, जुना सांधा काढून 'रिव्हर्स' बसवला. त्यात चेंडू आणि वाटी यांच्या जागांची अदलाबदल करतात, म्हणजे आतले स्नायू निकामी झाले तरी वरचा मोठा स्नायू हात उचलू शकतो. पॉल ग्रामाँ या फ्रेंच सर्जननं 1985 च्या सुमारास ही कल्पना प्रत्यक्षात आणली. इंजिनिअर म्हणून सांगतो, कल्पना भन्नाट आहे. माझं भांडण तिच्याशी नाही.

ताप आला, टाक्यांतून पाणी यायला लागलं. पुणे अडीचशे किलोमीटर. तापातल्या बाईला एवढ्या लांब कोण नेणार? घराजवळच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न: "सांधा कुठल्या कंपनीचा? साइज काय?" मी फाइल उलटीपालटी केली. बिलात लिहिलं होतं, 'इम्प्लांट, 1 नग'. लाखभराहून जास्त किमतीच्या वस्तूचं एवढंच वर्णन! माझ्या चार्जरच्या बिलावरसुद्धा सीरियल नंबर असतो.

हा प्रश्न चौकशीपुरता नसतो. सांधा उघडून एखादा भाग बदलायची वेळ आली, तर त्याच कंपनीची हत्यारं लागतात; दुसऱ्याचा स्क्रूड्रायव्हर चालत नाही. प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात लॉट नंबरची स्टिकरं असतात. एक फाइलला, एक पेशंटला, इतकं सोपं काम आहे. आमचं स्टिकर पुण्याच्या रेकॉर्ड रूममध्ये होतं. चार दिवस फोन केल्यावर त्याचा फोटो मिळाला.

दुसरी गोष्ट जंतूची. खांद्याच्या सांध्यात नेहमी सापडणारा जंतू म्हणजे क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस. तारुण्यपिटिकांशी ज्याचं नाव जोडलं जातं, तोच. काखेच्या आणि खांद्याच्या कातडीतल्या तेलग्रंथींत तो राहतो आणि फार सावकाश वाढतो. म्हणून खांद्याचं कल्चर दहा ते चौदा दिवस ठेवावं लागतं. आमचा रिपोर्ट तिसऱ्या दिवशी 'नो ग्रोथ' म्हणून हातात आला. एका रेसिडेंट मुलीनं लॅबला फोन करून ती प्लेट फेकू दिली नाही. नवव्या दिवशी जंतू दिसला. ती मुलगी त्या दिवशी ड्यूटीवर नसती तर काय झालं असतं, हा विचार मी टाळतो.

मी सर्व्हर सांभाळण्याचं काम करतो. माझ्या धंद्यात सगळ्यात वाईट बिघाड तो, ज्याची लॉगमध्ये नोंदच होत नाही. सिस्टम हिरवी दिसते आणि लोक गुपचूप निघून जातात. आपल्या ऑर्थोपेडिकचं नेमकं हेच चाललंय. सोलापुरात धाराशिव, लातूर, कलबुर्गी, विजयपूरहून पेशंट येतात. ऑपरेशन इथं होतं, त्रास गावी गेल्यावर होतो, आणि पेशंट पुन्हा अ‍ॅडमिट होतो तो राज्याच्या हद्दीपलीकडे. एकदा बिघडलेला खांदा पुन्हा बदलणं पहिल्यापेक्षा अवघड असतं: जुनी चट्टी, झिजलेलं हाड, जंतूचा आणि सांधा निखळण्याचा वाढलेला धोका. म्हणजे जिथं मोजायची सर्वांत जास्त गरज, तिथंच आपण मोजत नाही.

ब्रिटनमध्ये सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही 2003 पासून आहे, खांदे त्यात 2012 ला आले. स्वीडननं गुडघे 1975 पासून मोजले. आपल्याकडे खुब्या-गुडघ्याच्या सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण ती ऐच्छिक. उपकरणांच्या तक्रारींसाठी 2015 पासून मटेरिओव्हिजिलन्सचा कार्यक्रम आहे. किती पेशंटना त्याचं नाव माहीत असेल?

न मोजण्याची किंमत आपण एकदा मोजली आहे. एएसआर नावाचा खुबा कंपनीनं 2010 च्या ऑगस्टमध्ये जगभरातून परत घेतला. त्यात दोष आहे हे ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीतल्या आकड्यांवरून आधीच दिसू लागलं होतं. भारतात तो सुमारे 4,700 वेळा बसवला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानं 2011 मध्ये पोलिसांत तक्रारही केली. पण केंद्राच्या समितीचा अहवाल आला तेव्हा तीन हजारांहून जास्त पेशंटचा पत्ताच नव्हता. शरीरात सदोष धातू घेऊन ही माणसं कुठंतरी फिरत होती.

सर्जन मित्र म्हणतो, "आकडे जाहीर केले तर अवघड केस कुणी हातात घेणार नाही." मुद्दा खरा आहे. अमेरिकेनं 2012 पासून परत येणाऱ्या पेशंटपायी हॉस्पिटलांचे पैसे कापायला सुरुवात केली, आणि त्याचे दुष्परिणाम काय यावर तिथं अजून भांडणं चालू आहेत. मी दंड मागतच नाहीये. डॉक्टरांची नावंही जाहीर करू नका. पेशंटचं वय, मधुमेह, कितवं ऑपरेशन, हे धरून हिशेब करा. पण आधी मोजा तरी!

मोजायला नवं काही शोधायचं नाही. आभाचा चौदा आकडी नंबर आहे. इम्प्लांटचा लॉट नंबर त्याला जोडा, आणि नव्वद दिवसांत तोच नंबर कुठल्याही हॉस्पिटलात भरती झाला तर ऑपरेशन करणाऱ्याला निरोप जाऊ द्या. अर्थात पेशंटच्या संमतीनं. एवढी क्वेरी आमच्याकडचा फ्रेशर लिहील. अडतंय ते कोडमध्ये नाही. स्वतःचं अपयश स्वतःच्या स्क्रीनवर कुणाला नको असतं, हे मला माझ्या टीमवरूनही कळतं.

तोवर घरात कुणाचा सांधा बदलणार असेल तर डिस्चार्जच्या आधी स्टिकर मागा, फोटो काढून दोन माणसांच्या फोनमध्ये ठेवा. कल्चर किती दिवस ठेवणार, तेही विचारा. परत भरती व्हावं लागलं, तर पहिल्या हॉस्पिटलला लेखी कळवा.

आत्याचा सांधा आतून धुतला, सहा आठवडे अँटिबायोटिक चाललं. हात आता फडताळाच्या दुसऱ्या कप्प्यापर्यंत जातो. पुण्याच्या हॉस्पिटलला मी दोन ईमेल पाठवले. उत्तर आलं ते फीडबॅक फॉर्मच्या लिंकचं: 'आमच्या सेवेला किती तारे द्याल?'