मोठी गाडी जुनी होते, तिचं बिल जुनं होत नाही



हल्ली बऱ्याच घरांत एक बोलणं ऐकू येतं. “सहा-सात लाखांत नवी छोटी गाडी घेण्यापेक्षा चार लाखांत मोठी सेडान मिळते की! बसायला ऐसपैस, डिकीत सगळ्यांचं सामान मावतं, लग्नाकार्याला गेलं तरी शोभते.” यात खोटं काही नाही. पण हा हिशोब अर्धाच आहे. उरलेला अर्धा आपण बायकांनी मांडायला हवा, कारण महिन्याचा खर्च शेवटी आपल्याच वहीत उतरतो.

उदाहरण म्हणून स्कोडा सुपर्ब घेऊ. तिची दुसरी पिढी भारतात 2009 मध्ये आली. नवी असताना वीस लाखांच्या घरात होती, आज तिच्या पाचव्या हिश्श्यात मिळते. गाडीची किंमत उतरली, पण सुट्या भागांची उतरली नाही. ते भाग वीस लाखांच्या गाडीचेच आहेत आणि बिलही त्याच मापाने येतं.

तिच्या 1.8 पेट्रोल इंजिनाला जोडलेला सात गिअरचा ऑटोमॅटिक डीएसजी गिअरबॉक्स हे तिचं सर्वांत नाजूक दुखणं. त्यात कोरडे क्लच असतात. पुढे-मागे, पुढे-मागे अशा शहरातल्या गर्दीत ते तापतात आणि झिजतात. वर हा गिअरबॉक्स झेपेल तेवढ्या कमाल ताकदीच्या इंजिनालाच जोडलेला आहे, म्हणजे त्याला उसंत अशी नाहीच. त्याचा मेंदू म्हणजे मेकॅट्रॉनिक. तो बिघडला की गाडी आचके देते, कधी गिअरच पडत नाही. नवा मेकॅट्रॉनिक घातला तर बिल लाखाच्या वर जातं. फोक्सवॅगन समूहाने 2013 मध्ये या जातीच्या गिअरबॉक्समधलं ऑइल बदलण्यासाठी जगभरातल्या लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या. म्हणून ते ऑइल बदललं होतं का, हे विकणाऱ्याला जरूर विचारा.

दुसरं दुखणं टायमिंग चेनचं. या इंजिनाच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांत चेन ताणून धरणारा भाग कमजोर निघाला. चेन सुटली तर आतले व्हॉल्व वाकतात आणि सगळं इंजिनच उघडावं लागतं. गाडी रात्रभर उभी राहिली असेल तर सकाळी सुरू करताना काही क्षण खडखड ऐकू येते, ती याची खूण. म्हणून गाडी बघायला सकाळीच जा आणि इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. “तुम्ही येणार म्हणून आधीच गरम करून ठेवली,” असं कोणी म्हणालं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. याच इंजिनाला ऑइल पिण्याचीही खोड असते. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये किती लिटर ऑइल वरून घालावं लागतं, तेही विचारून घ्या.

डिझेलच्या 2.0 इंजिनाबरोबर सहा गिअरचा डीएसजी येतो. त्याचे क्लच तेलात बुडालेले असतात, त्यामुळे तो जास्त सोशिक. पण दर 60,000 किलोमीटरला त्याचं ऑइल बदलावंच लागतं आणि टायमिंग बेल्टही वेळेवर बदलावा लागतो. या कामांची बिलं दाखवता आली नाहीत, तर ती कामं झालीच नाहीत असं धरून चाला.

आता आपल्या भागातली गोष्ट. 2019 आणि 2021 च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. अशी गाडी धुऊन-पुसून विकायला आली, तर वरून काही कळत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, पट्ट्यावर गाळाची रेघ दिसते का. डिकीतली स्टेपनी उचला, खाली माती किंवा गंज आहे का पाहा. गालिच्याखाली हात घाला, वास घ्या. मोठ्या सेडानमध्ये ठिकठिकाणी इलेक्ट्रॉनिक्स असतं. एकदा पाणी शिरलं की वर्षभरानंतरही एकेक गोष्ट बंद पडत जाते.

न बिघडताही ही गाडी खर्च मागते. 2022 पासूनच्या दराने 1000 सीसीपर्यंतच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा वर्षाला 2,094 रुपये, तर 1500 सीसीच्या वरच्या गाडीचा 7,897 रुपये, जीएसटी वेगळा. गाडी जुनी आहे म्हणून यात सूट नाही. पंधरा वर्षं झाली की पुनर्नोंदणी आली. टायर मोठे, पेट्रोल जास्त, आणि खड्ड्यांनी बुश नि शॉकअब्सॉर्बर गेले की तेही मोठ्या गाडीच्याच भावाने.

“आपला मेकॅनिक स्वस्तात करून देतो,” असं घरातली मंडळी म्हणतील. ब्रेक, बुश, बॅटरी तो नक्की करेल. पण त्याच्याकडे या गाडीचा स्कॅनर आहे का? हा गिअरबॉक्स त्याने कधी उघडलाय का? एवढे दोनच प्रश्न त्याला विचारा. विकत घेण्याआधी हजार-दोन हजार देऊन जाणकाराकडून गाडी तपासून घेणं हा वायफळ खर्च नव्हे.

मी मोठ्या गाडीच्या विरोधात नाही. लांबचा प्रवास नेहमीचा असेल, सर्व्हिसची सगळी बिलं हातात असतील आणि साधा हाताने गिअर टाकायचा प्रकार मिळत असेल, तर खुशाल घ्या. ती चालवायला सुखाची आणि अंगाने भक्कम आहे.

माझं म्हणणं एवढंच, की खरेदीच्या दिवशी किमतीच्या चौथ्या हिश्श्याएवढी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला काढता यायला हवी. चार लाखांची गाडी तर एक लाख वेगळे. ते मुलांच्या फीच्या ठेवीतून काढावे लागणार असतील किंवा त्यासाठी दागिना गहाण पडणार असेल, तर ती गाडी आपल्याला परवडत नाही, मग ती कितीही स्वस्तात मिळो. हे घरात स्पष्ट बोला, आणि टोकन देण्याआधी बोला. नंतर बोललं की त्याला कटकट म्हणतात.