कुलुपांतील विज्ञान

लातूर आणि नांदेड हीं दोन शहरें आज साऱ्या महाराष्ट्रांत विद्येच्या एका विशिष्ट पेठेबद्दल प्रसिद्ध आहेत. दहावीची परीक्षा आटोपली कीं दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुलें-मुली येथें येतात, खोल्या भाड्यानें घेतात आणि वैद्यकी व अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांकरितां दोन वर्षें रात्रीचा दिवस करतात. ‘लातूर पॅटर्न’ हे शब्द घरोघर माहीत झाले आहेत. या उद्योगानें अनेक गरीब घरांतील मुलें डॉक्टर झालीं, ही गोष्ट आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. परंतु ज्या शहरांत विज्ञानाच्या शिकवणीसाठीं पालक प्रसंगीं कर्जहि काढतात, त्यांच्याच आसपासच्या खेड्यांत चौथी-पांचवीच्या मुलाला हातांत धरून पाहण्यास एक साधें भिंग तरी मिळतें काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. कळसाला मुलामा देण्याची घाई चालली असतां पायाचे दगड बसले आहेत कीं नाहींत हें पाहावयास कोणासच सवड नाहीं!

लहान मुलाचें विज्ञान म्हणजे पाहणें, मोजणें, ताडून पाहणें आणि ‘हें असें कां?’ म्हणून विचारणें. बी रुजतें हें वाक्य पाठ केल्यानें बी कसें रुजतें तें कळत नाहीं. ओल्या फडक्यांत हरभरा बांधून रोज उघडून पाहिला म्हणजे कळतें. बाळशास्त्री जांभेकरांनीं १८४० सालीं ‘दिग्दर्शन’ मासिक काढून सृष्टिज्ञानाचे विषय मराठी वाचकांपुढें मांडले, त्यास आतां पावणेदोनशेंहून अधिक वर्षें लोटलीं. त्या काळीं छापलेलें पानच दुर्मिळ होतें. आज पानें विपुल आहेत. वाण आहे ती वस्तूंची, आणि त्या निर्भयपणें मुलांच्या हातीं देणाऱ्या व्यवस्थेची.

हा विषय केवळ शिक्षकांच्या चर्चेचा आहे असें आमच्या व्यापारी वाचकांनीं समजूं नये. ता. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या भागांतील कोण विसरेल? अनंत चतुर्दशीचें विसर्जन करून लोक निजले होते. किल्लारीच्या परिसरांत धरणी हादरली आणि हजारों माणसें आपल्याच घरांच्या भिंतींखालीं गाडलीं गेलीं. दगडमातीच्या जाड भिंती आणि माथ्यावर मातीचें जड धाबें, हीं त्या संहाराचीं एक मोठीं कारणें होतीं. पुढें १२ एप्रिल १९१६ नव्हे, तर अगदीं आपल्या डोळ्यांदेखत, १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पाण्यानें भरलेली आगगाडी लातूरच्या स्थानकांत आली, तेव्हां जमिनीखालचें पाणी अमर्याद नसतें हा धडा साऱ्या शहरानें फार महाग किंमत देऊन शिकला. परातींत मातीचे दोन चिमुकले कोट, एक नुसता रचलेला व दुसरा काड्यांचे आडवे पट्टे घालून बांधलेला, करून परात हलवावी. कोणता आधीं ढासळतो तें दहा वर्षांच्या मुलासहि दिसतें. असा प्रयोग पाहिलेलें मूल उद्यां घर बांधील तेव्हां गवंड्याला चार प्रश्न विचारील. पावसाचें पाणी सरळ काठाच्या बाटलींत मोजणारें आणि विहिरीला दोर सोडून पातळी टिपणारें मूल मोठेपणीं कूपनलिका खणण्यापूर्वीं हिशेब करील. प्राथमिक विज्ञानाचा अर्थ या प्रदेशापुरता तरी जीवितरक्षण हाच आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, सरकारनें साहित्य दिलेंच होतें. खरें आहे. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा योजनेखालीं प्राथमिक शाळांना विज्ञानाची पेटी मिळाली. परंतु अनेक शाळांत ती पेटी कपाटांत गेली आणि कपाटास कुलूप लागलें. त्याचा दोष आम्ही एकट्या शिक्षकास देणार नाहीं. पेटींतील प्रत्येक नग जडवस्तु-संग्रहाच्या वहींत चढविलेला. परीक्षानळी फुटली तर जाब देणार तो शिक्षक, आणि वर्षभर पेटी न उघडली तर जाब विचारणारा कोणी नाहीं. अशा स्थितींत शहाणा मनुष्य कुलूपच लावील! आमच्या अडत्यांना हें समजावून सांगावयास नको. कोठींतला माल हलला नाहीं तर त्यास कीड लागते, आणि थोडी तूटफूट धरल्याखेरीज कोणताच व्यवहार चालत नाहीं.

इतरांनीं काय केलें तें पाहूं. दुसऱ्या महायुद्धानें युरोपांतील व आशियांतील शाळा बेचिराख झाल्या, तेव्हां १९४८ सालीं युनेस्कोनें उद्ध्वस्त देशांतील विज्ञानशिक्षकांकरितां स्टीफन्सन नांवाच्या गृहस्थांचें एक छोटें पुस्तक काढलें. डबे, बाटल्या, तारा यांतूनच उपकरणें कशीं करावीं हें त्यांत सांगितलें होतें. त्याचाच विस्तार होऊन १९५६ त विज्ञानशिक्षणाचा मोठा साधनग्रंथ निघाला. आपल्या शेजारीं मध्यप्रदेशांत १९७२ सालीं होशंगाबाद जिल्ह्यांतील सोळा शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकविण्यास आरंभ झाला व तो पसरत सुमारें एक हजार शाळांपर्यंत गेला. २००२ त सरकारनें तो बंद केला. एकट्या सरकारी आश्रयावर उभें असलेलें काम सरकारची मर्जी फिरतांच थांबतें, हा त्यांतील बोध आहे. परंतु त्याच कार्यांत १९७८ च्या सुमारास पुण्याचे एक तरुण अभियंते, श्री. अरविंद गुप्ता, गेले आणि त्यांनीं आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमितीचे आकार उभे केले. पुढें पुण्यास आयुकांतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत त्यांनीं टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचा प्रचंड संग्रह केला आणि पुस्तकें व चित्रफिती, मराठींतहि, संगणकावर सर्वांस विनामूल्य खुल्या केल्या. २०१८ त त्यांस पद्मश्री मिळाली. हा खजिना आपल्या दाराशीं पडला असतां मराठवाड्यानें दारिद्र्याची सबब कां सांगावी?

मात्र पुण्याचा संग्रह जसाच्या तसा उचलून आणल्यानें आमचें काम भागणार नाहीं. येथील संग्रह येथील मातींतून झाला पाहिजे. तुरीचें, हरभऱ्याचें किंवा सोयाबीनचें झाड हलकेंच उपटून मुळांवरील गांठी भिंगाखालीं पाहाव्या. हवेंतील नत्र जमिनीस देणारे सूक्ष्म जीव त्यांत राहतात. लातूरची सारी डाळीची पेठ ज्या पिकांवर उभी आहे, त्यांचें हें रहस्य पेठेंतील किती मुलांस ठाऊक असेल? लातूरचा काळा पाषाण आणि देगलूर-बिलोलीकडील ग्रॅनाइट एका फळीवर शेजारीं ठेवावे. एक लाव्ह्याच्या थरांचा, दुसरा त्याहून पुष्कळच जुना. पानदानांतील अडकित्ता हा तरफेचा पाठ आहे, आणि दुकानांतील जुना ताजवा समतोलाचा. मे महिन्याच्या मध्यास भर दुपारीं उभ्या काठीची सावली नाहींशी होते. लातूरास हा क्षण आधीं येतो आणि नांदेडास दोन-तीन दिवसांनीं, कारण नांदेड सुमारें पाऊण अंश उत्तरेस आहे. दोन्ही गांवच्या मुलांनीं आपापल्या अंगणांत टिपलेल्या तारखा एकमेकांस कळवाव्या, म्हणजे पृथ्वीच्या गोलपणाचा पडताळा त्यांस घरबसल्या येईल.

आमची सूचना थोडक्यांत अशी. दहा-बारा शाळांच्या प्रत्येक केंद्रांत एक साधनभांडार असावें. त्यांत तीन खण असावे: पहिला मराठी पुस्तकांचा, दुसरा वस्तूंचा, आणि तिसरा शिक्षकांनीं व मुलांनीं स्वतः लिहिलेल्या टिपणांचा. कोणता प्रयोग साधला, कोणता फसला व कां, हें लिहून ठेवणारी वही पेटीहूनहि मोलाची आहे, कारण बदली होऊन येणाऱ्या नव्या शिक्षकास ती हात देईल. वस्तु ग्रंथालयाप्रमाणें उसन्या द्याव्या आणि फुटीसाठीं दरसाल ठराविक रक्कम आधींच खर्चीं टाकावी. संग्रहाची परीक्षा नगांच्या संख्येवरून न करतां, ते वर्षांत किती वेळां बाहेर गेले यावरून करावी.

खर्चाचें म्हणाल तर एका मुलाच्या शिकवणीच्या वार्षिक शुल्कांत असें एक भांडार सहज उभें राहील. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान मुक्त होण्यापूर्वीं, माध्यमिक शिक्षण बहुतांशीं उर्दूंतून चालत असतां, या भागांतील लोकांनीं राष्ट्रीय शाळा जगविल्या. स्वामी रामानंद तीर्थांसारख्या पुरुषानें अंबाजोगाईस मुख्याध्यापकी केली. १९५० त नांदेडांत पीपल्स कॉलेज निघालें. त्या पिढीजवळ आजच्या मानानें पैसा कितीसा होता? दोन्ही शहरांतील अडत दुकानें, डाळगिरण्या आणि शिकवणीवर्गांचे चालक यांनीं प्रत्येकीं एकेका केंद्राचा भार उचलावा, जिल्हा परिषदांनीं तूटफुटीची भीति शिक्षकांच्या मानेवरून काढावी, आणि पालकांनीं शाळेंत जाऊन गुणपत्रकाबरोबरच, “कपाटाची किल्ली कोठें आहे?” हेंहि विचारावें. हा एक प्रश्न गांवोगांव विचारला जाऊं लागला, तर पुष्कळ कुलपें आपोआप निघतील.