जिने सांभाळून ठेवले

कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला आयती मिळावी अशी ही गोष्ट आहे. साल 1744. प्रशियाचा राजा फ्रेडरिक, ज्याला पुढे जग ‘फ्रेडरिक द ग्रेट’ म्हणू लागले, त्याच्या एका बहिणीचे लग्न स्वीडनच्या युवराजाशी ठरलेले. बर्लिनच्या राजवाड्यात समारंभांची रेलचेल. त्या झगमगाटात राजाची सर्वांत धाकटी बहीण, वीस वर्षांची आन्ना अमालिया, एका देखण्या तरुण लष्करी अधिकाऱ्याच्या नजरेस पडते. त्याचे नाव फ्रेडरिक फॉन डेर ट्रेंक. दोघांची मने जुळतात. राजाच्या कानावर जाते. 1745 मध्ये ट्रेंक तुरुंगात जातो, तिथून निसटतो, 1754 मध्ये पुन्हा पकडला जातो आणि माग्डेबुर्गच्या किल्ल्यात जवळजवळ नऊ वर्षे बेड्यांत काढतो. राजकन्या आयुष्यभर अविवाहित राहते आणि मठाधिपती होते. ट्रेंकचा शेवट 1794 मध्ये पॅरिसला, गिलोटिनखाली.

आता सांगा, असे कथानक समोर असताना कोणता लेखक हात आखडता घेईल? युरोपात या गोष्टीवर कादंबऱ्या निघाल्या, चित्रपटही निघाले. मलाही मोह झाला होता. टिपणे काढायलाही बसलो होतो. पण टिपणे काढता काढता गोष्टच हातातून निसटू लागली.

या प्रेमाला त्या काळातला विश्वासार्ह असा एकही पुरावा नाही. ट्रेंकला अटक झाली ती त्याचा एक चुलत भाऊ ऑस्ट्रियाच्या, म्हणजे शत्रूच्या, सैन्यात होता आणि त्याच्याशी पत्रव्यवहार असल्याचा संशय राजाला होता म्हणून. प्रेमप्रकरणाची सूचना येते ती खुद्द ट्रेंकच्या आत्मचरित्रातून. हे आत्मचरित्र लोकांसमोर आले त्याच सुमारास, 1787 मध्ये, राजकन्या वारली. ‘हे खरे नाही’ किंवा ‘हे खरे आहे’ असे सांगायला ती उरली नाही. आणि गेली दोनशेहून अधिक वर्षे तिचे नाव निघाले की आधी ट्रेंकचे नाव निघते.

इथे मला माझी एक जुनी चूक आठवते. बँकेत नवा अधिकारी म्हणून रुजू झालो तेव्हा आमच्या शाखेत एक ज्येष्ठ बाई होत्या. लग्न केलेले नव्हते. त्यांच्याविषयी कँटीनमध्ये एक कथा ठरलेली होती, त्यात एक प्रेमभंग होता हे सांगायला नकोच. मी तेव्हा नुकता लिहू लागलो होतो. त्या कथेवर एक कथा बेतली, ती एका दिवाळी अंकात छापून आली. बाईंनी ती वाचली. काही दिवसांनी अंक माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, “साहेब, लिहिलंय छान. पण ती बाई दिवसभर करते काय, ते काही कळलं नाही.”

त्या दिवसभर काय करीत, हे मला माहीत असायला हवे होते. ‘सेफ कस्टडी’चे रजिस्टर त्यांच्याकडे होते. लोकांनी विश्वासाने ठेवलेली खतपत्रे, सीलबंद पाकिटे, पेट्या. त्यातले बाईंचे काहीच नव्हते. पण त्यातले काही कधी गहाळ झाले नाही. अमालियाविषयी वाचताना बाईंचा तो प्रश्न पुन्हा समोर आला. राजकन्या दिवसभर करीत होती काय?

आधी तिच्या मठाविषयी. ‘मठ’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विरक्ती येते. क्वेडलिनबुर्गचा मठ त्यातला नव्हता. जर्मनीतल्या हार्त्स पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या या गावात सम्राट ओटो पहिला याने 936 मध्ये, आपली आई माटिल्डे हिच्या इच्छेवरून, वडिलांच्या समाधीपाशी ही संस्था स्थापली. सरदार-राजघराण्यांतल्या स्त्रियांसाठी ती होती. तिच्या प्रमुख स्त्रीला म्हणतात अ‍ॅबेस. या अ‍ॅबेसला बाजार भरवण्याचा, जकातीचा आणि नाणी पाडण्याचा हक्क दहाव्या शतकातच मिळाला होता. साम्राज्याच्या सभेत तिचे मत धरले जाई. 1539 मध्ये मठाने ल्यूथरचा पंथ स्वीकारला, तरी संस्था टिकली. अठराव्या शतकापर्यंत तिचे स्वरूप असे झाले होते की, लग्न न झालेल्या उच्चकुलीन स्त्रीला मानाचे पद, हुद्दा आणि कायमचे उत्पन्न. आपल्या भाषेत सांगायचे तर भावाने बहिणीची सोय लावून दिली. 1756 मध्ये आन्ना अमालिया क्वेडलिनबुर्गची अ‍ॅबेस झाली. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती.

तिथवरचे आयुष्य सुखाचे नव्हते. वडील, राजा फ्रेडरिक विल्यम पहिला, हे सैन्याशिवाय दुसरे काही न जाणणारे गृहस्थ. घरात मारहाण चाले. मोठ्या मुलाने, म्हणजे पुढच्या फ्रेडरिक राजाने, घरातून पळून जाण्याचा बेत केला तेव्हा बापाने त्याच्या मित्राचा, काट्टेचा, शिरच्छेद करविला. तारीख 6 नोव्हेंबर 1730. अमालियाला सात वर्षे पुरी व्हायला तीन दिवस बाकी होते. अशा घरात संगीत म्हणजे नसता नाद. ते चालले ते आईच्या पाठिंब्याने आणि भावाच्या संगतीत. 1740 मध्ये वडील वारले, तेव्हा कुठे या मुलीला मोकळेपणाने वाजवता येऊ लागले.

पुढचे मात्र तिने स्वतः ठरवले आहे. 1755 मध्ये तिने आपल्यासाठी एक ऑर्गन बांधून घेतला. राजघराण्यातल्या मुलींनी क्लाविकॉर्डवर दोन-चार गती वाजवाव्यात, पाहुण्यांनी वाहवा करावी, इथवर रीत होती. चर्चमध्ये शोभेल असे, पायांनीही वाजवायचे वाद्य घरात आणणे ही निराळी गोष्ट. मग 1758 मध्ये तिने योहान फिलिप किर्नबेर्गर या विद्वान संगीतज्ञाला नोकरीस ठेवले आणि पस्तिशीच्या उंबरठ्यावर त्याची विद्यार्थिनी झाली. ती शिकत होती काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी अनेक स्वतंत्र सुरावटी अशा चालवायच्या की प्रत्येकीचे स्वत्व राहावे आणि सगळ्या मिळून मेळही बसावा. हे शास्त्र अवघड आणि रुक्ष. तिने स्वतः थोडे रचलेही. बासरीसाठी एक सोनाटा, सैन्यासाठी काही मार्च, धर्मगीतांच्या काही रचना. प्रमाण थोडे आहे.

किर्नबेर्गर हा योहान सेबास्टियान बाख याचा शिष्य. बाख 1750 मध्ये वारला होता आणि त्याचे संगीत जुनाट ठरू लागले होते. हलक्या, गोड, सहज कळणाऱ्या संगीताचे दिवस आले होते. बाख फार छापलाही गेला नव्हता. त्याची कामे होती ती हस्तलिखितांत, मुलांकडे, शिष्यांकडे, विखुरलेली. अशा काळात गुरू-शिष्येने मिळून ही हस्तलिखिते गोळा करायला, उतरवून घ्यायला, बांधून ठेवायला सुरुवात केली. ‘मॅथ्यू पॅशन’, ‘बी मायनर मास’ यांच्या प्रती त्यात आल्या. बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमॅन्युएल 1767-68 मध्ये फ्रेडरिकची नोकरी सोडून हाम्बुर्गला निघाला, तेव्हा अमालियाने त्याला आपल्या कापेलमाइस्टरचा किताब दिला. थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याने 1778 मध्ये आठ फ्यूग तिला अर्पण केले. त्या घराण्याला आपला माणूस कोण हे कळत होते.

बँकेत मूल्यांकन नावाचा एक प्रकार असतो. त्याचा एक नमुना इथे दिल्यावाचून राहवत नाही. बाखने 1721 मध्ये सहा कॉन्चेर्तो सुंदर हस्ताक्षरात लिहून ब्रांडेनबुर्गच्या मार्ग्राफला, अमालियाच्या आजोबांच्या सावत्र भावाला, अर्पण केले. हा मार्ग्राफ 1734 मध्ये वारला. त्याच्या संगीतसंग्रहाची मोजदाद झाली आणि कॉन्चेर्तोंच्या ढिगाची किंमत धरली गेली नगाला चार ग्रोशन. चोवीस ग्रोशनचा एक थालर. म्हणजे सहा कॉन्चेर्तोंचे मोल एक थालर. त्या ढिगांच्या नोंदीत बाखचे नावही वेगळे दिलेले नव्हते. बाखच्या हातची ती अर्पणप्रत पुढे किर्नबेर्गरकडे आणि त्याच्याकडून अमालियाच्या संग्रहात आली. 1850 मध्ये ती छापली गेली. आज ‘ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो’ हे नाव पाश्चात्य संगीताशी तोंडओळख असलेल्या कोणालाही ठाऊक असते.

आता खात्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. फक्त जमेची बाजू वाचून ताळेबंद होत नाही.

ही अ‍ॅबेस क्वेडलिनबुर्गला फारशी राहिलीच नाही. ती बर्लिनला राहिली. तिच्या पदाचे उत्पन्न येत होते ते त्या गावच्या जमिनीतून, तिथल्या माणसांच्या श्रमांतून, आणि खर्च होत होते बर्लिनमध्ये. ऑर्गन, लेखनिक, कागद, बांधणी यांचे पैसे कुठून आले हे विचारायचे झाले, तर त्या शेतकऱ्यांचे नावही हिशेबात धरावे लागेल. त्यांनी बाख कधी ऐकला नसेल.

आणि त्याच गावात आणखी एक स्त्री होती. डोरोथेआ एर्क्सलेबेन. डॉक्टर बापाची लेक, पाद्र्याची बायको, पाच सावत्र आणि चार स्वतःची अशी नऊ मुले. घरचे सगळे करून ती वैद्यकी करीत होती. गावच्या डॉक्टरांनी तक्रार केली, तेव्हा तिने हाले विद्यापीठात परीक्षा दिली आणि 1754 मध्ये वैद्यकाची पदवी मिळवणारी पहिली जर्मन स्त्री ठरली. त्यासाठीची परवानगी तिला याच फ्रेडरिक राजाने कितीतरी आधी, 1741 मध्ये, दिली होती. 1762 मध्ये ती वारली. म्हणजे अमालियाच्या पदाची पहिली सहा वर्षे या दोघी, कागदोपत्री का होईना, एकाच गावच्या होत्या. एकीला जन्माने पद मिळाले, दुसरीला काहीच आयते मिळाले नाही. स्त्रियांसाठी आठशे वर्षे चाललेल्या त्या संस्थेत डोरोथेआसारखीला जागा नव्हती, कारण ती सरदारघराण्यातली नव्हती. या वस्तुस्थितीकडे डोळेझाक करून अमालियाची आरती ओवाळणे मला जमणार नाही.

स्वभावानेही ती गोड नव्हती. तिची संगीतविषयक पत्रे फटकळ आहेत. ग्लुकसारख्या नव्या, नावाजलेल्या संगीतकाराला तिने झोडपले आहे. नव्याचे तिला वावडे होते. पुढे दृष्टी अधू झाली, हातांत बळ राहिले नाही, ज्या वाद्यासाठी एवढे केले ते वाजवणेही अवघड झाले. पण मला वाटते, तिच्या या हट्टीपणाचाच आपल्याला उपयोग झाला. फॅशनबरोबर चालणाऱ्या माणसाने जुने बाड कशाला जपले असते? सर्वांनी टाकून दिलेले ठेवायचे तर थोडा अडेलपणा लागतो.

मृत्यूपूर्वी तिने व्यवस्था करून ठेवली. सुमारे सहाशे ग्रंथांचा तो संग्रह बर्लिनच्या योआखिमस्थाल नावाच्या शाळेला दिला. आज तो बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयात ‘अमालिया ग्रंथालय’ याच नावाने आहे. ऑर्गन अनेक स्थित्यंतरांतून बर्लिनच्याच कार्ल्सहोर्स्ट भागातल्या चर्चमध्ये उभा आहे. मठाची गादी तिच्यानंतर तिच्या भाचीकडे गेली. ही भाची म्हणजे जिच्या लग्नाच्या समारंभापासून हा लेख सुरू झाला त्या बहिणीची मुलगी, स्वीडनची सोफिया अल्बर्टिना. तीच शेवटची अ‍ॅबेस. 1803 च्या सुमारास संस्था बरखास्त झाली. क्वेडलिनबुर्गचे चर्च, किल्ला आणि जुने गाव 1994 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

एकट्या स्त्रीच्या आयुष्यात एखादा पुरुष शोधून काढल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. तो सापडला की गोष्ट पुरी झाली असे वाटते. ट्रेंक खरा असेल, खोटा असेल. समजा, खरा असला तरी तो तिच्या वयाच्या विशीतला एक हंगाम. त्यानंतर ती चाळीसहून अधिक वर्षे जगली आणि त्या वर्षांत तिने काय केले याची नोंद सहाशे ग्रंथांच्या रूपाने शिल्लक आहे. ती वाचायला कष्ट पडतात म्हणून आपण प्रेमकथा वाचतो.

ती कादंबरी मी लिहिली नाही. आमच्या शाखेतल्या बाई आज हयात नाहीत. असत्या तर हा लेख त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला असता.