बांधींत बांधलेलें घर

घर बांधावयाचें ठरलें कीं मंडळी नकाशा पाहतात, दिशा पाहतात, मुहूर्त तर पाहतातच. परंतु ज्या मातीवर तें उभें राहावयाचें, तिची चौकशी करणारा यजमान क्वचितच आढळतो. आमचे एक स्नेही पेन्शन घेतल्यावर मुलें, सुना, नातवंडें यांसह गोंदियास स्थायिक झाले. शहराच्या कडेस स्वस्तांत मिळालेली जागा मूळची धानाची बांधी होती. एप्रिलांत घर पुरें झालें. पहिल्याच श्रावणांत संडासाचें पाणी उलट वर येऊं लागलें, आठ पावलांवरच्या विहिरीस दुर्गंधि सुटली आणि धाकट्या नातवास हगवणीनें इस्पितळ गांठावें लागलें. दुसऱ्या उन्हाळ्यांत मधल्या भिंतीस बोट जाईल एवढी भेग पडली. कंत्राटदारानें गवंड्यास दोष दिला, गवंड्यानें सिमेंटास. मातीचें नांव कोणीच काढलें नाहीं.

१९९९ सालीं भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा आणि तलावांचा. येथील शेतकरी जमीन ओळखतो ती मुख्यतः चार नांवांनीं. कन्हार म्हणजे काळी, चिकट, भारी. मोरांड तिच्याहून हलकी, चुनखडीचे खडे मिसळलेली. सिहार पिवळसर, वाळूमिश्रित. आणि बरडी म्हणजे उंचवट्यावरची मुरमाड. शिवाय बांधींत पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी झालेली असते, आणि नांगराच्या तासाखालीं घट्ट झालेला थर पाणी खालीं उतरूं देत नाहीं. धानास जो गुण, तोच घरास दोष. पाणी कोठें ठरेल हें कोहळी लोकांस पक्कें ठाऊक होतें. नवेगांवबांधचा तलाव त्याची साक्ष देत उभा आहे. आपण मात्र पाणी धरणारीच जागा विकत घेतों आणि पाणी मुरत नाहीं म्हणून रडतों!

कन्हार पावसांत फुगते, उन्हांत आकसते, आणि पाया उथळ असला तर घरही तिच्याबरोबर हलतें. यासाठीं ही हालचाल जेथें थांबते त्या थरापर्यंत पाया न्यावा. तळाशीं फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब हा रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें रूढ केलेला उपाय होय. ते साधारणपणें साडेतीन मीटर खोल नेतात. जोत्याभोंवतीं काळी माती काढून मुरूम ठोकून भरावा, वर उतरती फरसबंदी करावी, आणि पागोळ्यांचें पाणी भिंतीशीं मुरूं देऊं नये.

खरी हयगय होते ती संडासाच्या बाबतींत. सेप्टिक टँक पाणी शुद्ध करतो अशी अनेकांची समजूत आहे. टाकींत केवळ गाळ बसतो आणि थोडाफार कुजतो. बाहेर पडणारें पाणी रोगजंतूंनीं भरलेलेंच असतें, आणि त्यांस अडविण्याचें काम माती करते. ती पाणी शोषीतच नसेल तर शोषखड्डा हा दुसरा हौदच समजावा. परीक्षा सोपी आहे. खड्डा जेवढा खोल न्यावयाचा तेवढें लहानसें भोंक पाडून पाण्यानें भरावें व रात्रभर भिजूं द्यावें. दुसऱ्या दिवशीं पुनः पाणी घालून एक इंच उतरण्यास किती वेळ लागतो तें घड्याळावर पाहावें. तासाहून अधिक लागल्यास शोषखड्ड्याचा नाद सोडावा. मात्र ही परीक्षा वैशाखांत करूं नये. त्या वेळीं कन्हारीस भेगा पडलेल्या असतात, पाणी भराभर गडप होतें आणि मालक फसतो. ती पावसाळ्याच्या अखेरीस करावी, म्हणजे भूजल किती वर येतें हेंही कळतें. तें फारच वर येत असेल तर जमिनीवर भराव घालून त्यांत चर काढणें बरें. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर दूर असावा. शेजाऱ्याची विहीरही विहीरच, हें अंतर मोजतांना विसरूं नये.

बागेविषयीं थोडकें. कन्हार मोकळी व्हावी म्हणून तींत मूठ-मूठ वाळू मिसळणारे पुष्कळ आहेत. तेणेंकरून माती अधिकच आवळते. शेणखत, पालापाचोळा आणि गिरण्यांतून मिळणारें भाताचें कुजविलेलें तूस यांनीं ती सुधारते. लिंबू, आंबा उंच वरंब्यावर लावावा. अळू व केळ यांस न्हाणीचें पाणी चालतें, संडासाचें नव्हे.

आमच्या स्नेह्यांनीं गेल्या वर्षीं परसांत छातीइतका भराव घालून नवा चर काढविला. बांधी विकणाऱ्या म्हाताऱ्या पाटलास त्यांनीं सहज विचारलें, “ही कन्हार आहे, हें आधीं कां नाहीं सांगितलें?” तो म्हणाला, “साहेब, तुम्हीं भाव विचारला, माती कोठें विचारली?” भिंत लिंपून झाली आहे. विहिरीचें पाणी मात्र अद्याप झाडांनाच जातें, आणि पिण्याचे हंडे भरावयास सुना सकाळीं नळावर उभ्या असतात.