कापणारं शरीर आणि निगरगट्ट समाज

परभणी तालुक्यातलं झरी घ्या, नाहीतर मराठवाड्यातलं कोणतंही गाव घ्या. तरणी पोर अचानक कोसळते, हातपाय झटकू लागते, तोंडाला फेस येतो. भोवती माणसं गोळा होतात. कोणी नाकाशी कांदा धरतं, कोणी चप्पल हुंगवतं, कोणी दातखीळ सोडवायला तोंडात चमचा कोंबतं. दोन-तीन मिनिटांत झटका बहुधा आपोआप थांबतो आणि श्रेय चपलेला मिळतं. मग घरात खलबतं सुरू होतात : "चार लोकांत वाच्यता नको, पोरीचं लग्न व्हायचंय."

त्या पोरीवर खरा अन्याय इथून सुरू होतो, आणि तो आपण करतो.

तिला झालेली मिरगी म्हणजे मेंदूतल्या विजेच्या संदेशांचा काही क्षणांचा गोंधळ. डोक्याला मार, जन्मताना गुदमरणं, मेंदूज्वर, अस्वच्छ अन्नपाण्यातून पोटात गेलेली पट्टकृमीची अंडी अशी त्याची कारणं असतात. काही वेळा कारण सापडतही नाही. पण करणी आणि बाहेरची बाधा या यादीत कुठेच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य उपचार मिळाले तर दहांतल्या सात रुग्णांचे झटके थांबू शकतात. फिनोबार्बिटोन हे स्वस्त औषध १९१२ पासून वापरात आहे. शंभर वर्षांहून जुनी गोळी हाताशी असताना आपण लेकराला देवऋष्याच्या ओट्यावर नेऊन बसवतो, याला अडाणीपणा म्हणून सोडून देता येणार नाही. शिकलेली माणसंही हेच करतात.

अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला त्याच वर्षी, २०१३ मध्ये, जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडाने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, जोडे भिजवलेलं पाणी पाजणं हा आता गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षं कैद आहे. लग्नाचा कायदाही बदलला : हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी मिरगी विवाहाच्या आड येत होती. संसदेने १९९९ मध्ये ती अट काढून टाकली. कायद्याने पुसलेला डाग समाजाने मात्र जपून ठेवला आहे. आजार लपवून लग्न लावायचं, सासरी कळेल म्हणून गोळ्या बंद करायच्या आणि झटका आला की पोरीला माहेरी आणून टाकायचं! गोळी एकाएकी तोडली तर झटके थांबता थांबत नाहीत, जीवही जातो. ही अब्रू कोणाच्या जिवावर राखली जाते?

म्हाताऱ्यांची गत निराळी नाही. मांडीवर निवांत ठेवलेला हात थरथरतो, चाल मंदावते, अक्षर बारीक होत जातं, आणि एके दिवशी बँकेत सही जुळत नाही. मागे रांगेतला कोणी म्हणतो, "सकाळीच घेतली वाटतं." जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये नोंदवलेला हा कंपवात. लेव्होडोपा या औषधाने तो बरा होत नसला तरी हातपाय पुन्हा चालते होतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याची नोंद आहे, आपल्या मनात मात्र नाही.

शिवाय प्रत्येक थरथर कंपवात नसते. कप उचलताना हात कापत असेल तर दुखणं वेगळं, औषध वेगळं. थायरॉईड वाढलं, साखर उतरली, दारू एकदम सोडली, कपाशीवर फवारताना विष अंगात गेलं, तरी शरीर कापतं. हे ओळखणं डॉक्टरचं काम आहे. त्याला हवी असते पाहणाऱ्याची खरी हकिकत : सुरुवात कुठून झाली, किती वेळ चाललं, शुद्ध होती का. मोबाइलवरचं चित्रण तर फारच उपयोगी. आणि आपण नेमकी हीच हकिकत दडवतो.

म्हणून यापुढे झटका आला तर रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेला तर दवाखाना गाठा. लग्नाच्या बैठकीत आजार आणि चालू उपचार उघड सांगा, आणि ऐकणाऱ्यांनी त्यावरून सोयरीक मोडू नये. ग्रामसभेत आशाताईंना हे सर्वांसमोर बोलू द्या. शरीराच्या थरथरीवर औषध निघालं. ते रुग्णाच्या तोंडापर्यंत पोचू न देणारे आपणच आहोत, आणि वाटेतून बाजूला व्हावंही आपल्यालाच लागणार आहे.