वर्गमूळ आणि घातांक : ‘का?’ विचाराच!

“५ चा १/२ वा घात म्हणजे काय?” असे अकरावीच्या वर्गात विचारले की “पाचाचे वर्गमूळ” हे उत्तर चटकन मिळते. पण “का?” म्हटले की वर्ग गप्प! मग कोणीतरी हळूच म्हणतो, “सर, तसा नियमच आहे.”

मित्रहो, हा नियम पाठ करण्याचा नाही. तो तुम्हांला स्वतः शोधता येतो. समान पायांचा गुणाकार करताना आपण घातांकांची बेरीज करतो. हीच रीत अपूर्णांकांनाही लागू राहावी, एवढीच अट घाला. आता ५ च्या १/२ व्या घाताला त्यानेच गुणा. १/२ + १/२ = १, म्हणजे गुणाकार आला ५. ज्या धन संख्येला तिनेच गुणले की ५ मिळतात, ती √५! दुसरे उत्तर संभवतच नाही.

मग मूळचिन्ह असताना हा खटाटोप कशासाठी? √२ × ∛२ करून पाहा. चिन्हांकडे बघत बसलात तर वाट सापडत नाही. घातांक लिहा : १/२ + १/३ = ५/६. उत्तर २ चा ५/६ वा घात, म्हणजेच ३२ चे सहावे मूळ.

निसर्गालाही असे घातांक परके नाहीत. केप्लरने १६१९ साली मांडलेल्या नियमानुसार, ग्रहाचे सूर्यापासूनचे सरासरी अंतर पृथ्वीच्या अंतराच्या जितके पट, त्या संख्येचा ३/२ वा घात म्हणजे त्या ग्रहाचे वर्ष. गुरू ५.२ पट दूर आहे. ५.२ × √५.२ करा; सुमारे ११.८६ येतात. गुरूला सूर्याभोवती फिरायला तितकीच वर्षे लागतात!

केवळ पाठांतर केलेला विद्यार्थी मात्र पुढे फसतो. −८ चे घनमूळ −२. आता १/३ ऐवजी २/६ लिहा. −८ चा वर्ग ६४ आणि त्याचे सहावे मूळ २! घातांक तोच, उत्तरे दोन. म्हणूनच अपूर्णांक घातांक वापरताना पाया धन असावा, ही अट असते. पुस्तकातली ती लहानशी ओळ उगीच छापलेली नसते.

शिक्षकांना माझी एकच विनंती : गृहपाठातली पाच उदाहरणे कमी करा, पण या ‘का?’ला एक तास द्या. आणि विद्यार्थ्यांनो, तो तास मिळाला नाही, तर हात वर करून मागून घ्या.