अणूंच्या मापाने भूजल

पंजाब, हरियाणा आणि राजस्थानच्या पोटातून ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात १०९ घन किलोमीटर भूजल आटले, हा हिशेब आकाशातून लागला. ‘ग्रेस’ हे जुळे उपग्रह सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून एकामागे एक फिरत. खालचे वस्तुमान कमी-जास्त झाले की त्यांच्यातले अंतर केसाच्या जाडीहूनही कमी बदले, आणि तेवढ्यावरून पाण्याची घट कळे. त्यासाठी विरळ हवेचा अडथळा वजा करावा लागतो. ते करणारा त्वरणमापक हा या यंत्रणेतला नाजूक अवयव. २०१८ साली गेलेल्या पुढच्या जोडीतल्या एका उपग्रहावर तो लवकरच बिघडला, आणि त्याच्या नोंदी जोडीदाराच्या नोंदींवरून बेतण्याची वेळ आली.

हे काम अणूंकडे सोपवता येते, आणि भारताने त्याला आत्ताच हात घालावा असे माझे ठाम मत आहे. लेझरने रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड करायचे आणि निर्वातात मोकळे सोडायचे. लेझरचा एक झोत प्रत्येक अणूची लाट दोन वाटांनी पाठवतो, नंतरचे झोत त्या वाटा पुन्हा एकत्र आणतात. जुळताना उमटणाऱ्या पट्ट्यांवरून त्वरण कळते. इथे झिजणारी स्प्रिंग नाही. रुबिडियमचा एक अणू दुसऱ्यासारखाच. शिवाय मोकळ्या पडण्याचा वेळ दुप्पट झाला की संवेदनक्षमता चौपट होते. जमिनीवर एका सेकंदाला पाच मीटर उंची लागते, कक्षेत मात्र अणू छोट्या पेटीतच तरंगत राहतात. अणूंचे दोन पुंजके एकदम मोजले तर यानाची थरथर दोघांत सारखी येते आणि वजा होते. चंद्राचे गुरुत्व मोजायला २०१२ साली ‘ग्रेल’ची दोन याने लागली; उद्या ते एकाच यानावर जमू शकेल.

परदेशी उपग्रहांची माहिती फुकट मिळते, मग खर्च कशाला, असे विचारले जाते. पहिले ‘ग्रेस’ थांबल्यावर नवी जोडी सुरू होईपर्यंत जवळजवळ वर्षभर नोंदच नव्हती, हे विसरू नये. परक्यांवर विसंबण्याचा धडा आधीही मिळाला आहे: आपल्या पहिल्या दिशादर्शक उपग्रहातली आयात केलेली तिन्ही रुबिडियम घड्याळे बंद पडली होती. स्वदेशी घड्याळ २०२३ साली कक्षेत गेले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नुसता मापक सुधारून तालुका दिसणार नाही. खरे आहे. उपग्रहाची उंची आणि भरती-ओहोटीचे, हवेचे बदल आड येतात; जास्त उपग्रह आणि विहिरींच्या नोंदी लागतीलच. पण मापकच भरवशाचा नसेल तर त्या भरीचा उपयोग काय? सहा हजार कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेत अशा मापकांसाठी संवेदनाचे केंद्र पवईच्या आयआयटीत आहे. चर्चा मात्र बहुतेक संगणकाचीच होते. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यावर इस्रो प्रयोगांना जागा देते. तिथे आधी नुसती निर्वात पेटी आणि लेझर पाठवून ते कक्षेत टिकतात का, एवढे तरी पाहावे.